‘ग्रंटल्ड’ लिहिणाऱ्या मुलीचं चुकलं का?

प्रश्न असा आहे. नववीतल्या मुलीला इंग्रजीच्या चाचणीत ‘डिसग्रंटल्ड’ म्हणजे नाराज, असंतुष्ट या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द विचारला होता. तिनं पुढचं ‘डिस’ काढून ‘ग्रंटल्ड’ लिहिलं. बाईंनी फुली मारली. मुलीनं घरी येऊन शब्दकोश उघडला, तर त्यात ‘ग्रंटल्ड’ आहे आणि अर्थही ‘खूश, समाधानी’ असाच दिलाय. आता वडील विचारताहेत की चूक कोणाची, असे आणखी शब्द कोणते, आणि ते ओळखायचा काही नियम आहे का.

मी २७ वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं आणि जोडीला भाषांतरं केली. हा प्रश्न दर वर्षी वेगळा वेष घालून माझ्यासमोर आला आहे. नियम आहे का, याचं उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. पण शब्द पाहून शंका कधी घ्यायची, हे मात्र सवयीनं जमतं.

खरा घोळ विरुद्धार्थी शब्दांचा नाहीच. ‘अन’, ‘इन’, ‘डिस’, ‘लेस’ असे तुकडे दिसले की आपण धरून चालतो की ते काढले तर खाली एक धडधाकट शब्द उरेल. हॅपीला अन लागलं की अनहॅपी, अन काढलं की पुन्हा हॅपी. ही शिवण हवी तेव्हा उसवता येते. पण काही शब्दांत शिवणीची एक बाजू केव्हाच विरून गेलेली असते. काहींत शिवलेला कपडाच परदेशातून आलेला असतो, इंग्रजीनं त्याला सुईसुद्धा लावलेली नसते. आणि काहींत तर शिवण नुसती भासते.

डिसग्रंटल्ड या सगळ्यांत लबाड. ग्रंट म्हणजे डुकरासारखं घुरघुरणं. त्यावरून काही शतकांपूर्वी ग्रंटल असं क्रियापद होतं, अर्थ सारखं कुरकुरणं. त्याला लागलेलं डिस नकाराचं नाही, जोर देणारं आहे. आपण ‘पार कंटाळलो’ म्हणताना जो ‘पार’ लावतो, तसं. म्हणजे डिसग्रंटल्ड हा पार कुरकुर करायला लागलेला माणूस. या हिशेबानं नुसता ग्रंटल्ड म्हणजेही कुरकुरणाराच व्हायला हवा! मग शब्दकोशात ‘समाधानी’ कुठून आलं? विसाव्या शतकात लोकांनी गंमत म्हणून ते डिस नकाराचं आहे असं समजून तोडलं. इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांच्या १९३८ सालच्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ या कादंबरीत नायक बर्टी आपल्या जीव्हज या नोकराबद्दल म्हणतो की तो अगदी डिसग्रंटल्ड नसला, तरी ग्रंटल्ड असण्यापासून बराच लांब होता. वाचणारा हसतो, कारण असा शब्द नाही हे त्याला माहीत असतं. हशा पिकवत पिकवत तो शब्द कोशात शिरला. म्हणून बहुतेक कोशांत त्याच्यापुढे ‘ह्यूमरस’ (विनोदी) किंवा ‘इन्फॉर्मल’ (अनौपचारिक) असं बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडेल. तुमच्या मुलीनं अर्थ वाचला, ती बारीक अक्षरं वाचली नाहीत. कोणीच वाचत नाही. मीही तिशीपर्यंत वाचत नव्हते.

आता विरून गेलेल्या बाजूकडे. इथे शब्दांची मोठी रांग आहे, आणि बहुतेक ‘लेस’वाले. रुथलेस म्हणजे निर्दय. रुथ म्हणजे दया, करुणा, आणि हा शब्द एके काळी खरोखर चालता होता. इंग्रज कवी मिल्टनच्या १६३८ साली छापलेल्या ‘लिसिडस’ या शोककाव्यात देवदूताला रुथनं विरघळून जायला सांगितलं आहे. ‘ट्रू’वरून ‘ट्रूथ’ होतं, त्याच पद्धतीनं ‘रू’ म्हणजे हळहळणं यावरून रुथ. (बायबलमधली रूथ ही बाई वेगळी, ते हिब्रू नाव आहे. दरवर्षी एक तरी मुलगा हात वर करतोच.) रेकलेसमधला रेक म्हणजे पर्वा करणं, काळजी वाहणं. आपल्याकडे मुलांना वाटतं की हा अपघातातला रेक, कारण बेफाम गाडी चालवणाऱ्यालाच रेकलेस म्हटलेलं त्यांनी ऐकलेलं असतं. मग पुढे डब्ल्यू लावून स्पेलिंग चुकवतात. लिस्टलेसचं ‘यादी नसलेला’ असं भाषांतर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ते लिस्ट म्हणजे इच्छा, मन होणं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये वारा त्याला ‘लिस्ट’ होईल तिकडे वाहतो. म्हणून लिस्टलेस म्हणजे ज्याला कशाचीच इच्छा उरलेली नाही, मरगळलेला. फेकलेस म्हणजे कुचकामी; त्यातला फेक हा ‘इफेक्ट’चा स्कॉटलंडमध्ये झिजलेला तुकडा. गॉर्मलेस म्हणजे बावळट. त्यातला गॉम उत्तर इंग्लंडच्या बोलीतला, नॉर्स लोकांकडून आलेला, अर्थ लक्ष, अवधान.

हॅपलेस म्हणजे कमनशिबी, तो थोडा वेगळा आहे. हॅप म्हणजे नशीब, योगायोग. तो एकटा असा आता कोणी वापरत नाही, पण त्याचं गोत नांदतं आहे: हॅपन, परहॅप्स, मिसहॅप, आणि खुद्द हॅपी, ज्याचा पहिला अर्थ ‘नशीबवान’ असा होता. तेव्हा ‘मूळ शब्द मेला’ म्हणताना जरा जपून. बाप गेला, पण पोरंबाळं त्याच गावात आहेत.

माझा सगळ्यात आवडता अनकूथ. आज अर्थ असभ्य, रांगडा. पण कूथ म्हणजे सभ्य नव्हतं. कूथ म्हणजे ‘माहीत असलेला’. इंग्रजीतल्या ‘कॅन’, ‘कुड’ यांच्या घरातला, आणि मागे मागे गेलं तर ‘नो’ म्हणजे जाणणे आणि आपला ‘ज्ञा’ यांच्याच मुळापर्यंत पोचणारा. म्हणजे अनकूथ हा जवळजवळ अक्षरशः ‘अज्ञात’. मग असभ्य कसा झाला? अनोळखी, म्हणून परका. परका, म्हणून विचित्र. विचित्र, म्हणून रानटी. वेशीबाहेरच्या माणसाकडे बघायची गावाची नजर त्या शब्दात गोठली आहे. पुढे कूथ विसरला गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी अनकूथवरून उलट हिशेब मांडून ‘कूथ’ म्हणजे सभ्य असा नवा शब्द पाडला. म्हणजे आज एखाद्या इंग्रजाच्या तोंडी कूथ आला, तर तो जुना शब्द पुन्हा उठलेला नाही. आपल्याच मुलापासून जन्मलेला बाप आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. जुना होकारी शब्द ओढूनताणून परत आणला, तरी तो आजच्या नकारी शब्दाचा विरुद्धार्थी होईलच असं नाही. संपादक म्हणतो, ‘बी रुथलेस’, तेव्हा तो निर्दय हो असं सांगत नाही. हात न आखडता काटछाट कर एवढंच म्हणतो. त्याच्या उलट करुणा नव्हे. नकारी शब्द एकटा पडला की तो आपल्या वाटेनं चालू लागतो.

मराठी वाचकाला हे नवं वाटायचं कारण नाही. बेफाम घोडा, बेफाम गर्दी आपण म्हणतो, पण फाम म्हणजे काय? अरबी-फारसी फहम, समज. बेफाम म्हणजे भान नसलेला; गॉर्मलेस आणि रेकलेस यांचा सख्खा भाऊ. बेचिराखमध्ये तर मजाच आहे. चिराख म्हणजे चिराग, दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते उजाड गाव बेचिराख, आणि महसुली दप्तरांत हा शब्द त्याच अर्थानं, न जळलेल्या, नुसत्या ओस पडलेल्या गावांसाठी आला आहे. आज विचाराल तर दहातले आठ जण सांगतील की बेचिराख म्हणजे जळून राख. शेवटची ‘राख’ कानाला इतकी ओळखीची आहे की दिवा कोणाला दिसतच नाही. आणि बेसुमार घ्या: शुमार म्हणजे मोजदाद, म्हणून बेसुमार म्हणजे अगणित. पण नुसता ‘सुमार’ म्हटलं की दर्जाला कमी, यथातथा. दोघेही जिवंत, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. इंग्रजीत कॅनी म्हणजे चतुर, हिशेबी, आणि अनकॅनी म्हणजे अंगावर काटा आणणारं, गूढ, त्यांचंही तसंच. मुलीला असे दोन-तीन मराठी शब्द आधी दाखवा. इंग्रजीचं सोंग लगेच ओळखू येईल.

परदेशी शिवलेल्या कपड्यांबद्दल फार लांबण लावत नाही. नॉनशलंट म्हणजे बेफिकीर, तो आख्खा फ्रेंचमधून आला. त्यातल्या शालवार क्रियापदाचा अर्थ ‘पर्वा वाटणं’, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधलं ‘गरम असणं’. म्हणजे ज्याला कशाची ऊब लागत नाही असा. इंग्रजीत ‘शलंट’ कधी आलाच नाही, तेव्हा तो हरवण्याचा प्रश्नच नाही. डिशेव्हल्ड म्हणजे विस्कटलेला; त्यातला शेव्हल म्हणजे जुन्या फ्रेंचमधला केस; मोकळे सुटलेले केस, एवढंच. इनेप्ट (अकुशल), इनर्ट (निष्क्रिय) यांचे तर चेहरेही बदलले आहेत. ‘ॲप्ट’ आणि ‘आर्ट’ हे त्यांचे होकारी भाऊ आजही ठणठणीत आहेत, पण लॅटिनमध्येच स्वर बदलल्यामुळे नातं दिसत नाही. इनर्ट म्हणजे मुळात ‘कला नसलेला’. इमॅक्युलेटमधला मॅक्युला म्हणजे डाग, आणि हा डाग तुम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात भेटेल: पडद्यावरच्या पिवळसर ठिपक्याला डॉक्टर मॅक्युलाच म्हणतात. इमॅक्युलेट म्हणजे आपला निष्कलंक, तंतोतंत.

नुसत्या भासणाऱ्या शिवणीवर मात्र थांबते, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. भाषांतराचं काम नवीन होतं. एका कारखान्यासाठी रसायनांच्या पिंपांवरच्या सूचना मराठीत करायच्या होत्या. ‘इनफ्लेमेबल’ आलं. इन म्हणजे नाही, फ्लेम म्हणजे ज्वाळा. मी ठेवून दिलं ‘अज्वलनशील’. छपाईला जायच्या आधी तिथल्या एका सुपरवायझरनं कागद हातात घेऊन शांतपणे विचारलं, ‘मॅडम, मग इथे विडी ओढली तर चालेल ना?’ आजही ते आठवलं की घाम फुटतो. ते इन नकाराचं नाही. लॅटिन इनफ्लामारे म्हणजे पेटवणं, त्यावरून इनफ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं. माझ्यासारखी चूक इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीही होते, म्हणून अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेनं १९२० च्या दशकापासून ‘फ्लेमेबल’ वापरा असा आग्रह धरला. आज टँकरच्या पाठीवर फ्लेमेबल दिसतं ते त्यामुळे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. याउलट इनव्हॅल्युएबलमधला नकार खरा आहे, पण त्याचा अर्थ ‘किंमत नसलेला’ असा नव्हे, ‘किंमत करता येणार नाही असा’. आपण अमूल्य म्हणतो ना, तेच. अमूल्य म्हणजे फुकटचा असं कोणी समजत नाही. मग मुलं इनव्हॅल्युएबलला का अडतात, हे मला अजून उलगडलेलं नाही.

आता ‘नकारी शब्दच का टिकतात’ याकडे. लोक पटकन सांगतात की माणूस उणंच बघतो: केस विंचरलेले असले तर कोणी बोलत नाही, विस्कटलेले असले की बोलतात, म्हणून अनकेम्ट राहिला आणि केम्ट मागे पडला. (केम्ट म्हणजे विंचरलेला, ‘कोम’ म्हणजे फणीशी नातं.) यात तथ्य आहे, पण सगळं नाही. उणं बघणं हेच एक कारण असतं, तर इम्पेकेबल (निर्दोष), इमॅक्युलेट, इनोसंट (निरपराध), इंट्रेपिड (निर्भय) असे कौतुकाचे नकारी शब्द का टिकले? मला दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं: होकारी शब्दाला तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळाला का? १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या दोन-तीन शतकांत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. ‘मर्सी’, ‘पिटी’ आले, त्यांच्यापुढे रुथ हळूहळू मागे सरला. पण ‘मर्सीलेस’ आणि ‘पिटिलेस’ येऊनही रुथलेस हटला नाही, कारण तोवर त्याला स्वतःची धार आली होती. रेकच्या बाबतीत प्रतिस्पर्धी घरचाच निघाला, ‘केअर’. म्हणजे दर वेळी कारण एकच नसतं. कोणता शब्द का उरला, हे त्या त्या शब्दाची जन्मपत्रिका काढल्याशिवाय सांगता येत नाही, आणि जो सरसकट सूत्र सांगतो त्याच्यापासून मी जरा लांब बसते.

तुमच्या मुलीनं केलं ते काही जगावेगळं नाही, हेही तिला सांगा. तिच्यासारखं आपल्या पूर्वजांनीही केलं आहे. ऋग्वेदात ‘असुर’ हा सन्मानाचा शब्द आहे, वरुणालाही असुर म्हटलंय. त्यातला ‘अ’ नकाराचा नाही. इराणी लोकांचा ‘अहुर’ तो हाच. पुढे असुर म्हणजे देवांचे शत्रू असा अर्थ पक्का झाला, लोकांना तो ‘अ’ नकाराचा वाटला, आणि तो काढून ‘सुर’ म्हणजे देव असा शब्द तयार झाला. विधवा हा शब्द त्याहून जुना. इंग्रजीतला विडो, लॅटिनमधला विदुआ हे त्याचेच सगोत्र, आणि त्यांत ‘वि’ हा वेगळा तुकडा नाही. संस्कृतात मात्र वि अधिक धवा अशी फोड झाली आणि त्यातून ‘धव’ म्हणजे पती हा शब्द निघाला. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथातही ही फोड सापडते. मग सधवा आली, आणि माधव म्हणजे मा, लक्ष्मी, तिचा धव अशी व्युत्पत्तीही सांगितली जाऊ लागली. ग्रंटल्ड आणि सुर यांच्यात फरक एवढाच की सुर गंभीरपणे घेतला गेला आणि ग्रंटल्डला अजून लोक हसतात. काही शतकांनी हसणार नाहीत, कोण जाणे. अमेरिकेत मिलवॉकी विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, काढलेला पट्टा पुन्हा चढवायच्या जागी, ‘रिकॉम्बोब्युलेशन एरिया’ अशी पाटी लावली आहे. डिसकॉम्बोब्युलेट म्हणजे गोंधळवून टाकणं, हा शब्दच मुळी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकनांनी थट्टेत जुळवलेला; त्याच्या पोटात कॉम्बोब्युलेट असा कोणी नव्हताच. तरी पाटी वाचून प्रत्येकाला कळतं की इथे स्वतःला सावरायचं.

म्हणून ‘बरोबर की चूक’ हे कुठे लिहिताय यावर आहे. विनोदी लेखात, मित्राच्या मेसेजमध्ये ग्रंटल्ड छान. नोकरीच्या अर्जात, अहवालात, परीक्षेत नको. प्रश्न ‘उपसर्ग काढून उरलेला शब्द लिहा’ असा असता तर मी पूर्ण गुण दिला असता. ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ असा असेल तर दिला नसता, पण वहीच्या समासात वुडहाउसचं नाव लिहून दिलं असतं. माझी स्वतःची पद्धत अशी की तुकडा काढून उरलेल्या शब्दाचं एक साधं, रोजचं वाक्य मनात करून बघायचं. ‘माझा भाऊ फार हॅपी आहे’ जमतं. ‘माझा भाऊ फार केम्ट आहे’ म्हणताना जीभ अडखळते. अडखळली की कोश उघडायचा आणि अर्थाआधी ते बारीक लेबल बघायचं: ‘आर्केइक’ (जुनाट), ‘रेअर’ (क्वचित दिसणारा), ‘डायलेक्ट’ (बोलीतला), ‘ह्यूमरस’. मोठ्या ऑक्सफर्ड कोशात तर वापरातून गेलेल्या शब्दापुढे कट्यारीची खूणच असते. आणि उलट अर्थ हवा असेल, तर शब्द न तोडता दुसरा शोधायचा. डिसग्रंटल्डला ‘कंटेंट’ किंवा ‘सॅटिस्फाइड’, रुथलेसला ‘मर्सिफुल’, रेकलेसला ‘कॉशस’, अनकूथला ‘पोलाइट’ किंवा ‘रिफाइन्ड’, अनकेम्टला ‘नीट’.

एक नॉनप्लस्ड तेवढा कुठेच वापरू नका, असं मी तरी सांगते. लॅटिन नॉन प्लुस म्हणजे ‘याहून पुढे नाही’, म्हणून अर्थ गोंधळून निरुत्तर झालेला. पण अमेरिकेत बरेच लोक त्यातलं नॉन नकाराचं धरून ‘अजिबात न गडबडलेला’ असा बरोबर उलटा अर्थ घेतात. तुम्ही लिहिणार एक, वाचणारा समजणार दुसरंच.

राहता राहिली बाईंशी बोलायची गोष्ट. जरूर बोला, पण ‘शब्दकोशात आहे’ एवढाच मुद्दा घेऊन जाऊ नका. लेबल त्यांनीही पाहिलं असेल. त्यापेक्षा मुलीलाच पाठवा, आणि ग्रंटलचा मूळ अर्थ कुरकुरणं होता हे तिला सांगू दे. गुण बहुधा मिळणार नाही.